रॅबिट कॉम्बो: खोक्यात सगळं आहे, फक्त गवत नाही

नाशिकमध्ये कॉलेज रोड असो, इंदिरानगर असो की नाशिकरोड, सशाचं पिल्लू घ्यायला दुकानात शिरलं की पिल्लाचा भाव ठरायच्या आधीच काउंटरवरून प्रश्न येतो, "कॉम्बो देऊ का सोबत?" कॉम्बो म्हणजे घडीचा तारेचा पिंजरा, स्टीलच्या गोळीची पाण्याची बाटली, प्लास्टिकची हलकी वाटी, किलोभर रंगीत खाद्य, लाकडी भुशाची पिशवी, खनिजाची वडी आणि वर फुकट दिल्यासारखा एक पट्टा. दुकानागणिक एखादी वस्तू इकडची तिकडे होते. ऑनलाइन मागवलं तरी खोक्यातून साधारण हेच निघतं. हे परीक्षण या साच्याचं आहे, एखाद्या दुकानाचं किंवा कंपनीचं नाही.

निकाल आधीच सांगून टाकू: पाचपैकी दीड. एक गुण पिंजऱ्याखालच्या ट्रेला. अर्धा बाटलीला, तोही ती वाटीला जोड म्हणून लावली तर. बाकीचं सामान निरुपयोगी आहे किंवा पिल्लाला थेट अपाय करणारं आहे. आणि जी एक वस्तू नसेल तर पिल्लू महिनाभरही धड राहत नाही, ती या खोक्यात नसतेच. ती म्हणजे वाळलेलं गवत.

पिंजरा

कॉम्बोतला पिंजरा साधारण दीड बाय दोन फुटांचा असतो. दुकानात त्यात तीन पिल्लं बसलेली दिसतात, त्यामुळे घरी एकाला तो ऐसपैस वाटतो. हा अंदाज चार महिन्यांत चुकतो. "ड्वार्फ (बुटक्या जातीचा) आहे, एवढाच राहतो" हे वाक्य प्रत्येक पिल्लाबद्दल ऐकायला मिळतं, कारण महिन्याभराचं असताना प्रत्येक पिल्लू ड्वार्फच दिसतं. खरा न्यूझीलंड व्हाइट जातीचा ससा पूर्ण वाढीला चार किलोंच्या वर जातो. लहान अंगाची संकरित जात निघाली तरी दीड-दोन किलोंचा ससा हातपाय ताणून आडवा झाला की तो पिंजरा भरून जातो. सशाला सलग तीन उड्या मारता याव्यात, मागच्या पायांवर उभं राहताना कान छताला लागू नयेत आणि पाय पसरून लोळता यावं, इतकी जागा लागतेच. दीड बाय दोनमध्ये यातलं एकही जमत नाही.

त्याहून मोठा दोष तळाच्या जाळीत आहे. लेंड्या खाली ट्रेत पडाव्यात आणि साफसफाई सोपी व्हावी म्हणून ती दिलेली असते. पण कुत्र्या-मांजरांच्या पंजाला असते तशी गादी सशाच्या पायाला नसते. तिथे फक्त दाट केस असतात. तारेवर बसून बसून टाचेकडचे केस झडतात, कातडी लाल होते, मग तिथे चीर पडते, आणि एकदा जखम चिघळली की ती भरायला महिने लागतात. पिल्लाला आणखी एक धोका: जाळीत नख अडकतं, पिल्लू घाबरून हिसका देतं आणि नख मुळापासून उपटतं किंवा पाय मोडतो. पिंजरा घेऊन झालाच असेल तर जाळी आजच काढून टाका. तळाला जाड पुठ्ठा, त्यावर जुनी सतरंजी घाला आणि दार कायम उघडं ठेवा. मग तो पिंजरा राहत नाही, बीळ होतो. तेवढ्यापुरता तो चांगला आहे.

राहण्याची खरी जागा म्हणजे कुंपण. कमीत कमी चार बाय चार फूट, अडीच फूट उंच, दिवाणखान्याच्या किंवा बेडरूमच्या कोपऱ्यात. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या घडीच्या कुंपणाच्या दांड्यांत दीड-दोन इंचांची फट असते. पिल्लाचं डोकं त्यात जातं आणि डोकं गेलं की अंगही जातं, किंवा अर्ध्यात अडकतं, जे जास्त वाईट. म्हणून पहिले तीन महिने कुंपणाला खालून फूटभर उंचीपर्यंत एक इंची वेल्डमेश जाळी केबल टायने बांधावी. अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून एक इंची जाळीच्या चार फ्रेम बिजागऱ्या लावून करून घेता आल्या तर उत्तमच. फक्त कापलेल्या तारांची टोकं आतल्या बाजूला येऊ देऊ नका आणि कडा घासून घ्या.

आपल्याकडच्या नव्या फ्लॅटमधली गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी सशासाठी बर्फासारखी. केसाळ पाय त्यावर फाकतात. पिल्लू पहिल्या दिवशी दोनदा घसरलं की मग चटईच्या बाहेर पाऊल टाकत नाही, आणि घरचे म्हणतात, "लाजाळू आहे." लाजाळू नसतं, पाय टिकत नाहीत म्हणून बसून राहतं. कुंपणात आणि बाहेर फिरायच्या वाटेवर सतरंजी किंवा जुनी गोधडी अंथरा. गोधडीचे दोरे लोंबत असतील तर कापून टाका, कारण गिळलेला दोरा आतड्यात अडकतो.

रंगीत खाद्य

पारदर्शक पिशवी, आत हिरव्या, लाल, पिवळ्या गोळ्या, मध्ये मक्याचे दाणे आणि सूर्यफुलाच्या बिया. एक वाटी पिल्लासमोर ठेवा आणि संध्याकाळी काय उरलंय ते बघा. मका आणि बिया गायब, हिरव्या गोळ्या जशाच्या तशा. लहान मुलाने चिवड्यातले दाणे-काजू वेचून पोहे ठेवावेत, तसंच. म्हणजे ज्यात थोडाफार चोथा होता तोच भाग राहिला आणि पोटात गेलं पिष्ट आणि तेल.

सशाचं सगळं गणित चोथ्यावर चालतं. जाड तंतू आतडं हलतं ठेवतात. बारीक भाग आंधळ्या आतड्यात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत) जाऊन तिथे जिवाणूंकडून आंबतो आणि मऊ गोळ्या होऊन बाहेर येतो. त्या ससा थेट तोंडाने उचलून खातो. बारीक काळ्या द्राक्षांचा चिकट, चकचकीत घड कल्पनेत आणा, अगदी तसा तो दिसतो. बहुतेक रात्री किंवा पहाटे खाल्ला जातो, म्हणून सहसा नजरेस पडत नाही. ते खाणं घाणेरडं नाही, गरजेचं आहे, ब जीवनसत्त्वं त्यातूनच मिळतात. पण हे घड रोज जमिनीवर चेपलेले किंवा शेपटीखाली चिकटलेले दिसू लागले तर समजा, खाद्य जड होतंय. रंगीत मिश्रणावरच्या पिल्लांत हे हमखास दिसतं. पुढची पायरी जुलाबाची, आणि पाचशे ग्रॅमच्या पिल्लाला जुलाब म्हणजे प्रश्न तासांचा असतो, दिवसांचा नाही.

घ्यायचं असेल तर एकसारख्या दिसणाऱ्या साध्या, हिरवट-तपकिरी गोळ्या घ्या. पिशवीच्या मागचा तक्ता वाचा: तंतू १८ टक्के किंवा जास्त, प्रथिनं १४ ते १६, स्निग्ध ३ च्या आसपास किंवा कमी. लसूणघास या चाऱ्याच्या पायावरच्या गोळ्या वाढत्या पिल्लाला चालतात, कारण त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त. सहा-सात महिन्यांनंतर त्याच गोळ्या मूत्राशयात गाळ साठवतात, तेव्हा टिमोथी या परदेशी गवताच्या पायावरच्या गोळ्यांकडे वळावं आणि प्रमाण वजनाच्या किलोमागे रोज २५ ग्रॅमपर्यंत आणावं.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. नाशिक जिल्ह्यात कुक्कुटपालन मोठं, त्यामुळे कोंबडीखाद्य सहज आणि स्वस्त मिळतं, आणि "ससेपण खातात" असं सांगून ते सुटं दिलं जातं. देऊ नका. कोंबड्यांच्या खाद्यात कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी रोखायला मिसळलेली काही औषधं सशाला विषारी असतात. पोळी, भात, बिस्किटं, टोस्ट, कुरमुरे हेही बाद.

जे खोक्यात नाही

सशाच्या आहाराचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग गवत असायला हवा, आणि गवत म्हणजे वाळलेलं, लांब काडीचं गवत. ते दोन कामं करतं. आतड्याचं वर सांगितलंच. दुसरं दातांचं. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे दात आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. काडी डावी-उजवीकडे चघळताना दाढा एकमेकींवर घासतात आणि झिजतात. गोळी कुरकुरून दोन चाव्यांत संपते, तिने हे घासणं होत नाही. मग दाढांना टोकं येतात, ती जिभेत रुततात आणि ससा उपाशी बसतो. कॉम्बोत कधीकधी मिळणारा लाकडी ठोकळा पुढच्या दातांना विरंगुळा म्हणून ठीक. दाढांपर्यंत तो पोचतच नाही.

कुठलं गवत? आयात टिमोथी आता दुकानांत आणि ऑनलाइन मिळतं, पण महाग पडतं, त्यामुळे घरचे ते कोशिंबिरीसारखं चिमूटभर वाढतात. चिमूटभर नाही, रोज पिल्लाच्या अंगाएवढा भारा समोर हवा, संपला की पुन्हा. भाव बघताना पुड्याची किंमत बघू नका, किलोमागे काय पडतं ते काढा. अर्ध्या किलोचे पुडे फसवे असतात.

स्थानिक पर्याय चांगले आहेत. गोठ्यांसाठी विकली जाणारी लसूणघास सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला उत्तम, पण ओली-लुसलुशीत एकदम दिली तर पोट फुगतं. सावलीत पातळ पसरून दोन-तीन दिवस सुकवा, काडी वाकवली की मोडायला हवी. दूर्वा म्हणजेच हरळी ससे आवडीने खातात, ओलीही आणि वाळवूनही. फुलबाजारातल्या दूर्वांच्या जुड्या चालतात, गणपतीचे दहा दिवस मात्र सशाने दुसरं काहीतरी खावं, भाव परवडत नाही. मारवेल आणि ओटचं वाळलेलं गवत मिळालं तर सोडू नका. इगतपुरी-त्र्यंबककडून येणारा भाताचा पेंढा अंथरायला छान, खायला कुचकामी, पोषण जवळजवळ नाही. ज्वारीचा कोवळा हिरवा चारा तर अजिबात नको, त्यात सायनाइड तयार होतं, गुरांनासुद्धा त्याची बाधा होते. रस्त्याकडेचं, बागेतलं किंवा द्राक्षबागेच्या बांधावरचं गवत कापून आणू नका. बांधावर तणनाशक असतं आणि बागेतली फवारणी वाऱ्याने तिथे येते.

पुडा उघडल्यावर आधी वास घ्या. चांगल्या गवताला पावसाळ्यानंतरच्या माळरानाचा गोडसर वास येतो. मूठभर घेऊन कागदावर झटका. कागदावर पानांचा हिरवा चुरा पडला तर ठीक, करडी-पांढरी पूड उडाली आणि नाक हुळहुळलं तर ती बुरशी. जुलै-ऑगस्टमध्ये हे आवर्जून करायचं, कारण सीलबंद नसलेलं गवत त्या दिवसांत आठवड्यात दमट होतं. साठवायला प्लास्टिकचा हवाबंद डबा वापरू नका. जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून जमिनीपासून वर, भिंतीला टेकणार नाही असं टांगा.

पाणी

बाटलीच्या नळीत स्टीलची गोळी असते, ती जिभेने ढकलली की थेंब येतो. बोअरच्या जड पाण्याने गोळीवर क्षार साचतात आणि ती घट्ट बसते. बाटली भरलेली दिसते, पिल्लू तहानलेलं असतं. तहानलेला ससा आधी खाणं कमी करतो, म्हणजे पुन्हा आतड्याचाच प्रश्न. वाटीतून ससे जास्त आणि सहज पितात. कॉम्बोतली प्लास्टिकची वाटी पिल्लू पहिल्याच दिवशी दातांनी उचलून उलटी करतं, म्हणून चिनी मातीची जड वाटी घ्या किंवा कुंभाराकडची पसरट मातीची. मातीची उन्हाळ्यात पाणी गारही ठेवते, फक्त रोज घासावी लागते, शेवाळ लवकर धरतं. वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण १०० मिलिलिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्त. बाटली लावायचीच असेल तर रोज सकाळी बोटाने गोळी दाबून थेंब येतो का बघा, आणि आठवड्यातून एकदा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून नीट धुवा.

भुसा आणि शौचाची जागा

वखारीतला भुसा बारीक असेल तर नाकात जातो आणि सशाची श्वासनलिका नाजूक असते. देवदार, पाइनसारख्या सुवासिक लाकडाचा भुसा तर नकोच, त्यातली वाफ श्वसनाला आणि यकृताला त्रास देते. मांजरांची गोळा होणारी मातीची वाळू त्याहून वाईट. पिल्लं सगळं चाखून बघतात, आणि ती पोटात जाऊन सिमेंटसारखी बसते.

कॉम्बोला दिलेला एक गुण इथे कमावला जातो. पिंजऱ्याखालचा ट्रे ओढून काढा, तळाला वर्तमानपत्राचे सात-आठ थर किंवा दाबलेल्या लाकडाच्या गोळ्या, वरून चार बोटं गवत. ट्रे पुरेसा खोल नसेल तर बांधकामाचं प्लास्टिकचं घमेलं आणा, पिल्लासाठी एका बाजूला दोन-अडीच इंच उंचीवर दाराएवढी खाच कापा आणि कड घासून घ्या. ससा खाता खाता लेंड्या टाकतो, त्यामुळे गवताचा भारा ट्रेच्या वरच, तोंड पोचेल असा ठेवायचा. ट्रे कुठे ठेवायचा हे तुम्ही ठरवू नका. पहिले दोन दिवस पिल्लू कुठल्या कोपऱ्यात मुततं ते बघा आणि ट्रे तिथे सरकवा. सांडलेलं मूत कागदाने टिपून तो कागद ट्रेत टाका, बाहेरची जागा पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने पुसा. वास एकाच ठिकाणी राहिला की बहुतेक पिल्लं आठ-पंधरा दिवसांत शिकतात. वयात येताना, चौथ्या महिन्याच्या आसपास, शिकलेलं विसरतात. तो हार्मोनचा खेळ आहे, खोडसाळपणा नाही.

मूत कधी पांढरट, कधी चक्क नारिंगी-लाल दिसतं. पांढरटपणा कॅल्शियमचा, लाल रंग बहुधा खाल्लेल्या पाल्याचा. मुतताना पिल्लू कुंथत असेल तर मात्र घाबरायचं.

खनिजाची वडी फेकून द्या, गोळ्या आणि गवतात पुरेसं असतं, जादा क्षार मूत्राशयात जातात. पट्ट्याबद्दल नंतर.

पिल्लू

कॉम्बोबरोबर येणारी सर्वात नाजूक वस्तू म्हणजे पिल्लू. आठ आठवड्यांच्या आत ते आईपासून तोडू नये. "दीड महिन्याचं आहे" म्हणून हाती दिलेलं पिल्लू ओंजळीत मावत असेल आणि कान अजून आखूड असतील तर ते बहुधा महिन्याचंही नाही. आईचं दूध अचानक तुटल्यावर पोटातली आम्लता बदलत असते, नेमक्या त्याच दिवसांत नवं घर, नवं खाद्य आणि प्रवासाची भीती एकत्र येते. पिल्लं मरतात ती बहुतेक या पंधरवड्यात, आणि दुकानात उत्तर मिळतं, "थंडी लागली असेल."

२०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. ती बघायला मागा, त्यात संकोच कसला. पिल्लाचे डोळे-नाक कोरडे, शेपटीखालचे केस स्वच्छ, पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला नाक पुसल्याचे चिकट डाग नाहीत, कानात तपकिरी खपली नाही, एवढं तिथेच तपासा. नर-मादी सांगितलं जातं त्यावर विसंबून दोन घेऊ नका. इतक्या लहानपणी ओळख चुकते, आणि चार महिन्यांत चूक कळते तोवर मादी गाभण असते. तीस-बत्तीस दिवसांत ती वितेही.

आणि शेतात सोंगणीच्या वेळी सापडलेलं रानसशाचं पिल्लू घरी आणू नका. तो वेगळा प्राणी, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित. आई दिवसातून एखाद-दोनदाच येऊन पाजते, म्हणून ते टाकलेलं वाटतं. तिथेच राहू द्या.

पहिले पंधरा दिवस

घरी आणताना दुचाकीवर बुटाचं खोकं नको. झाकणाची, हवेशीर, तळाला टॉवेल घातलेली पेटी, आणि एप्रिल-मे असेल तर सकाळी नऊच्या आत. दुकानातून तिथलंच खाद्य आठ दिवसांचं मागून घ्या, मग ते कितीही वाईट असो. खाद्य एकदम बदलणं हा वाईट खाद्यापेक्षा मोठा धोका. पहिले तीन दिवस जुनंच, फक्त मका आणि बिया वेचून काढलेलं, आणि गवत हवं तेवढं. चौथ्या दिवसापासून पाव भाग नवं, सातव्यापासून अर्धं, दहाव्यापासून पाऊण, तेराव्या दिवशी पूर्ण. जुनं पुरवायला कमी पडत असेल तर आणखी मागून घ्या, वेग वाढवू नका. या काळात पालेभाजी नाही. बारा आठवड्यांनंतर एकावेळी एकच, दोन कोथिंबिरीच्या काड्या, चोवीस तास लेंड्या बघायच्या, मग पुढची. कोथिंबीर, पुदिना, शेपू, मेथी, मुळ्या-गाजराचा पाला चालतो. पालक क्वचित, कोबी-फ्लॉवर गॅस करतात, कांदा-लसूण-बटाट्याचा पाला विषारी. भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून भागत नाही, वाहत्या पाण्यात तीनदा धुवा. गाजर आणि फळ हा गोड पदार्थ आहे, नखाएवढा, आठवड्यातून एक-दोनदा.

पहिले दोन दिवस उचलू नका. कुंपणात शिरून जमिनीवर बसा, पुस्तक वाचा, पिल्लू येऊन पायाचा वास घेईल. वरून येणारा हात त्याला घारीसारखा वाटतो, म्हणून हात जमिनीलगत, समोरून न्या आणि कपाळावर ठेवा. उचलायची वेळ आलीच तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि लगेच अंगाशी. कान धरून कधीच नाही. मागचे पाय मोकळे राहिले तर ससा इतक्या जोराने लाथ मारतो की स्वतःचाच कणा मोडून घेतो. पट्टा याच कारणाने नको. हिसका बसतो तो मणक्याला. आंघोळही नाही, भीतीने आणि गारठ्याने पिल्लू जाऊ शकतं.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, वाडग्यात बसवून, रोज एकाच वेळी वजन घ्या आणि लिहून ठेवा. वाढत्या पिल्लाचं वजन सलग दोन दिवस जागचं हललं नाही, तर बाकी लक्षणं दिसायच्या आधीच तुम्हाला कळलेलं असतं. लेंड्या गोल, कोरड्या, एकसारख्या हव्यात, एक बोटांनी मोडून बघा, आत भुशासारखं गवत दिसायला हवं. लहान-लहान, केसाने जोडलेल्या, अश्रूच्या आकाराच्या झाल्या तर आतडं मंदावलंय. आठ-दहा तास खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद असतील तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा. पातळ होत असेल तर ताजा नमुना डबीत घालून न्या. या वयात कॉक्सिडिया फार आढळतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो.

डॉक्टर मात्र पिल्लू आणायच्या आधी शोधा. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने शहरभर आहेत, ससा रोज हाताळणारे कमी. फोनवर दोन प्रश्न पुरतात. नसबंदीआधी सशाला उपाशी ठेवता का? ससा ओकू शकत नाही, त्याला उपाशी ठेवायचं नसतं. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक देता का? उत्तर "नाही" हवं, त्याने आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून ससा दगावतो. गोचीड-पिसवांसाठी मानेवर टाकायचं फिप्रोनिल दुकानातून परस्पर आणून लावू नका, कुत्र्याला चालतं ते सशाला मारतं. नराची नसबंदी चौथ्या महिन्यानंतर, मादीची पाच-सहा महिन्यांनी. नसबंदीनंतरही महिना-दीड महिना नराला मादीपासून लांब ठेवावं लागतं. शस्त्रक्रियेसाठी मुंबई-पुण्याला जायची वेळ आली तर गाडीत ट्रे आणि गवत सोबत हवंच, चार तास रिकामं पोट चालत नाही.

उन्हाळा, गणपती, दिवाळी

नाशिकची थंडी सशाला मानवते, कोरडी जागा आणि थेट वारा नसला म्हणजे झालं. मारतो तो उन्हाळा. पारा २८ च्या वर गेला की ससा अस्वस्थ, आणि एप्रिल-मेमध्ये इथे चाळिशी गाठली जाते. वरच्या मजल्यावर स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेली असते. सशाला घाम येत नाही, नुसत्या पंख्याने तो गार होत नाही. पश्चिमेची गॅलरी बंद, कुंपण घरातल्या सर्वात गार खोलीत, त्यात शहाबादी फरशीचा एक तुकडा आणि टॉवेलात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली. दोन बाटल्या आलटून पालटून. कान तापलेले आणि लाल, तोंड उघडं ठेवून धाप, अशी अवस्था दिसली तर कान साध्या पाण्याने ओले करा आणि डॉक्टरकडे निघा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका.

ढोल-ताशा आणि फटाक्यांच्या वेळी आतली खोली, बीळ म्हणून आडवं ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं, दोन तोंडांचं, आणि भरपूर गवत. घाबरलेला ससा खाणं सोडतो, म्हणून दुसऱ्या दिवशी लेंड्या मोजा. मच्छर कॉइल आणि धूप त्या खोलीत नको. मोबाइल चार्जरपासून फ्रीजपर्यंत जमिनीलगतच्या सगळ्या वायरी उभी चीर दिलेल्या कॉरुगेटेड पाइपात घाला, इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळतो. मनी प्लांट, डिफेनबेकिया आणि कण्हेर उंचावर किंवा शेजाऱ्यांकडे.

दुकानात शक्य असेल तर कॉम्बो फोडून मागा: फक्त खोल ट्रे, जड वाटी आणि साध्या गोळ्यांची लहानातली लहान पिशवी. पिंजरा, भुसा, वडी आणि पट्टा परत करा आणि उरलेल्या पैशांत गवत द्या म्हणा. गवत ठेवतच नाही असं उत्तर आलं, तर त्या दुकानातली पिल्लं आजवर काय खाऊन जगली तेही कळतं.